नाकातल्या माशा

डाव्या बुटावर चढवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीचं इलॅस्टिक तुटलेलं होतं, ती सारखी घोट्याखाली घसरत होती आणि लुत्सिना ती सारखी वर ओढत होती – दवाखान्याची फरशी स्वच्छ राहावी म्हणून बुटांना पिशव्या, आणि माणसं मात्र दोन-दोन तास बाकावर. डाव्या पायावर उठली असशील, म्हणून ही चिडचिड, असं रोमुआल्ड सकाळी म्हणालाच होता. चाळीस वर्षांच्या संसारातला नवरा. बायकोने कपाट जरा जोरात लावलं की त्याला तिचा पाय दिसतो, पण आदल्या संध्याकाळी 'तुझी दुखणी आता पाठ झालीत' असं आपणच म्हणालो, ते आठवत नाही. वर मेलिसाच्या पानांचा काढा पुढे सरकवला. पी, नसा शांत होतील.

नसा... आई म्हणायची, या पोरीच्या नाकात माशा शिरल्यात, म्हणून ही फणफणते. कशाने शिरल्या? भावाला नवी सायकल आणि हिला त्याचा जुना कोट, म्हणून. सूतगिरणीतला मुकादम म्हणायचा, ही लुत्सिना म्हणजे नुसता नसांचा गुंता – तिच्या वाट्याला चार यंत्रं जास्त लावून म्हणायचा. नाक माझं, पाय माझा, नसा माझ्या. समोरच्याने काय केलं होतं, ते यातल्या एकाही बोलण्यात कधी आलं नाही. एकसष्ट वर्षं मी हे ऐकून घेतलं, आणि काढाही प्यायले.

छातीतली ती दाबून धरणारी कळ मार्चपासूनची. तीनदा लुत्सिना या दाराशी आली होती, तीनदा डॉक्टरीणबाईंनी नसांचं आहे म्हणून थेंब लिहून दिले. हृदयाच्या डॉक्टरकडे जायला यांचीच चिठ्ठी लागते, आणि ती आजही मिळाली नाही तर... जिना चढताना आता ती दुसऱ्या मजल्यावरच थांबायची, पिशव्या खाली ठेवून, शेजारणीला कळू नये म्हणून किल्ली शोधल्याचं सोंग करत. भीती वाटत होती तिला. ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

दार उघडलं, तिचा नंबर आला, आणि कुठूनसा एक हिरव्या टोपीचा गृहस्थ पुढे घुसला – मी फक्त एक विचारणार आहे, म्हणत. हे फक्त विचारणारे... आत जातात आणि अर्धा तास बाहेर येत नाहीत, आणि दर खेपेला लुत्सिना गुडघे आवरून त्यांना वाट देते. आज तिने दारात हात आडवा धरला.

"विचारा. माझ्यानंतर."

बाई, तुम्हाला तर रागाचा पांढरा ताप चढलाय, जपा जरा, असं म्हणून तो बाकाकडे वळला, आणि बाकावरचे दोघे हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. पुन्हा नसाच का, असं विचारता विचारता थेंबांचं नाव लिहायला घेतलंही.

"मी चिडलेय," लुत्सिना म्हणाली. "आणि माझ्या छातीत दुखतंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

पेन थांबलं. "आधी शांत व्हा, लुत्सिनाबाई. मग बोलू."

"नाही. अशीच बोलते."

आवाज चढला होता, बाहेर बाकापर्यंत जात असणार – जाऊ दे. चिठ्ठी मिळेल की नाही, ते बाईंच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कळ होती तिथेच होती. पण तिच्या शेजारी हा राग, चांगला धडधाकट, इतकी वर्षं काढे पाजूनही न मेलेला... आणि त्याला गप्प बसवावं असं तिला आज वाटेना. मार्चपासून सुरुवात करून, एकेक दिवस धरून, ती सांगू लागली.