तिकडेच घ्या

सरकारी ड्रायव्हर म्हणजे सरकारचा कान, असं आमच्या निरीक्षक मॅडमनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. परदेशातून आमची निवडणूक तपासायला आलेल्या, आमची भाषा शिकून आलेल्या, पण माझ्याशी तोलूनमापून बोलायच्या. कुठल्या केंद्रावर जायचं ते गाडी सुरू झाल्यावरच कळायचं. मी एखादं केंद्र सुचवलं, की ते बाद. चहा घेणार का विचारलं तरी संशय! डोकं फिरायचं माझं, पण करता काय?

मतदानाच्या सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती शिक्षिका, तिच्याच शाळेतल्या केंद्राची प्रमुख. मोजणीआधी मतपेटी जरा वेळ आमच्या ताब्यात दे, असा वरच्या साहेबांचा निरोप होता आणि ही नाही म्हणाली होती. आता मोजणीला बाहेरचं कुणी नसलं, तर ते पेटी बदलणार आणि खापर हिच्या डोक्यावर फोडणार. नोकरी जाईल, तुरुंगही होईल. काहीही करून मॅडमना तिथे न्यायलाच हवं होतं.

चला म्हणालो असतो, तर मॅडम तिकडे फिरकल्याही नसत्या. म्हणून दुपारी मी सहज म्हणालो, तेवढी नदीपलीकडची शाळा नको, रस्ता फार खराब आहे. मॅडमनी आरशातून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तिकडेच घ्या."

रस्ता चांगला गुळगुळीत निघाला. त्यांचा संशय पक्का झाला आणि मी मनातून खूश झालो.

शाळेत मतदान संपत आलं होतं. साहेबांची दोन माणसं दाराशी घुटमळत होती. बहिणीने न घाबरता सगळं सांगितलं, मॅडम भराभर लिहीत गेल्या. मोजणीपर्यंत थांबते म्हणाल्या. तेवढ्यात त्या दोघांतला एक हसत म्हणाला, ड्रायव्हरला विचारा, या बाई कोण लागतात त्याच्या.

मॅडमचं पेन थांबलं. मी म्हणालो, छे, आजच बघतोय. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मी डोळे वटारले. आयुष्यात एकदा खोटं बोल गं बाई!

"माझा सख्खा भाऊ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे मला इथे तुम्हीच आणलंत," मॅडम मला म्हणाल्या आणि गाडी काढायला सांगून बाहेर पडल्या.

माझं टाळकं सरकलं. मागोमाग जाऊन मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, चालवा तुम्हीच. मग आत येऊन बहिणीशेजारी उभा राहिलो. निरीक्षकांनी स्वतः गाडी चालवायची नाही, हा त्यांचाच नियम. दुसरा ड्रायव्हर मागवला तरी शहरातून यायला त्याला रात्र होणार होती.

थोड्या वेळाने मॅडम परत आल्या आणि खुर्ची ओढून थेट पेटीसमोर बसल्या. विश्वास कसला, आम्ही भावंडं काय लबाडी करतो ते बघायला बसल्या होत्या. बसू देत. मोजणी संपेपर्यंत त्यांनी पेटीवरची नजर हलवली नाही.