चार मिनिटांचा थांबा

“फिटर, काल काय हाणलंस ते आधी सांग, मग ओवा देतो,” वैद्यकाका म्हणाले.

“काही नाही हो काका. जरासंच.”

“तुझं जरासं म्हणजे चार माणसांचं जेवण. वैद्याशी खोटं बोललं की औषध लागू पडत नाही.”

फिटरने ओशाळं हसत खिडकीतून हात आत घातला. काकांनी टेबलाचा खण ओढला, भाजलेल्या ओव्याची चिमूट आणि कणभर मीठ त्याच्या तळहातावर ठेवलं. नीट चावून खा, वर कोमट पाणी पी आणि जेवल्या जेवल्या गाडीखाली आडवा होऊ नकोस, असं बजावलं. फिटर ओवा चघळत गॅरेजकडे गेला.

काका काही वैद्य नव्हते. बस डेपोतल्या वेळापत्रकाच्या टेबलावरचे कारकून होते. कोणती बस किती वाजता सुटायची, शेवटच्या थांब्यावर किती मिनिटं थांबायची आणि परत कधी फिरायची, याचा तक्ता आखणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. पण त्या कामासाठी डेपोत त्यांना कोणी ओळखत नसे. ओळख होती ती खणामुळे. ओवा, सुंठ, बडीशेप, इसबगोल, एरंडेलाची बाटली. ड्रायव्हर-कंडक्टरांची पोटं म्हणजे बारा महिने तक्रार. वेळेवर जेवण नाही, बूड दिवसभर खुर्चीला, वर ऊन आणि धूर. कुणाला जळजळ, कुणाला गॅस, कुणाला चार चार दिवस साफ नाही. सगळे खिडकीशी यायचे आणि बऱ्याच जणांना गुणही यायचा. डेपोच्या दवाखान्यापेक्षा आपल्यापुढे रांग मोठी, याचा काकांना अभिमान होता. खोटं कशाला बोला.

आता मात्र त्यांना कंटाळा आला होता. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. सकाळी शर्टाची बटणं लावतानाच दमल्यासारखं व्हायचं. लोकांच्या पोटांचं ऐकून ऐकून कान किटले होते, पण नाही कसं म्हणायचं, म्हणून खण उघडत होते.

फिटरच्या मागे आठ नंबरच्या बसवरची कंडक्टर ताई उभी होती. पस्तिशीची, वाळलेली, ओठांना भेगा पडलेल्या.

“काका, मागच्या वेळेपेक्षा जोरदार काहीतरी द्या. पोट साफ होत नाही, आणि खाली आग तर अशी होते की बसवत नाही.”

“इसबगोल घेतेस ना?”

“घेते की.”

“पाणी किती घेतेस त्यावर?”

“घोटभर.”

“अगं, घोटभर पाण्यात इसबगोल म्हणजे पोटात नुसता चिखल. त्याला पेलाभर पाणी लागतं. आणि जळजळीलाही पाणीच. दिवसाला आठ-दहा पेले पाणी पी, मग माझ्या खणाकडे बघायलाही नको.”

“पिऊन जाऊ कुठं, काका?”

काकांना चटकन उमगलंच नाही. ताईचा आवाज चढला नव्हता. रजेचा अर्ज वाचून दाखवावा तशी ती बोलत होती.

“सहाला गाडी काढते, दोनला उतरते. शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं. आमचे ड्रायव्हर मामा भिंतीआड जातात, दीड मिनिटात परत येतात. मी कुठं जाऊ? बायकांचं स्वच्छतागृह रस्त्यापलीकडे, बाजाराच्या मागे. म्हणून घरातून निघताना पाणी बंद करते ते दोनपर्यंत. परवा डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हणाल्या, मूत्रपिंडाला सूज आलीय. गोळ्या देते, पण असंच दाबून धरत राहिलीस तर गोळ्या काय करणार, नोकरी तरी बदल. नोकरी कुठली बदलतेय काका, घरी दोन तोंडं आहेत.”

“बरं, मी तक्त्याचं बघतो,” काका सवयीने म्हणाले.

“तक्ता तुम्ही करता?” ताईने विचारलं. चार वर्षं ती या खिडकीशी फक्त औषधाला येत होती. “मला वाटलं, वरून येतो.”

“वरून नाही येत. या टेबलावरून जातो.”

ताई रागावलीही नाही. पुडी मिळेल म्हणून हात पुढे करून उभी राहिली, आणि त्या हाताचीच काकांना लाज वाटली. त्यांनी खण बंद केला आणि गोळ्या चुकवू नकोस, एवढंच सांगितलं.

दुपारी त्यांनी कपाटातून आठ नंबरचे जुने तक्ते काढले. शेवटच्या थांब्यावर पूर्वी बारा मिनिटं असायची. त्यांची आठ झाली, मग चार. खाडाखोड सगळी त्यांच्याच अक्षरातली. मिनिटं कापली की दिवसाला एक फेरी वाढायची आणि साहेब पाठीवर थाप मारायचे. पुढे, अकरा वर्षांपूर्वी, बायका कंडक्टर म्हणून आल्या, तेव्हा काकांनी त्यांच्या नावांसाठी तक्त्यात जागा केली. मिनिटं होती तेवढीच राहिली. त्याच वर्षापासून खणातलं इसबगोल दुप्पट लागायला लागलं होतं. ‘बायकांची पोटं नाजूक,’ असं काकाच चारचौघांत म्हणायचे. आपण एका हाताने दुखणं वाटतोय आणि दुसऱ्या हाताने चूर्ण, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तीस वर्षांचा मान धुळीला मिळाला असं त्यांना वाटलं. तक्ते परत कपाटात न ठेवता त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

संध्याकाळी त्यांनी नवा तक्ता साहेबांपुढे ठेवला. थांबा बारा मिनिटांचा.

“काका, जाता जाता मला अडकवताय काय?” साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, दिवसभराच्या फोनांनी पिचला होता. “एक फेरी कमी होईल. वर काय सांगू?”

“ताईची प्रकृती सांगा.”

“प्रकृतीसाठी तुम्ही आहात की. द्या काहीतरी तुमच्या खणातलं.”

काकांना हे वर्मी लागलं. त्यांनी मान खाली घातली. साहेबांना बहुधा वाईट वाटलं, कारण त्यांनी रोजच्या नोंदींचा गठ्ठा पुढे ओढला.

“हे बघा, नियम तुम्हाला ठाऊक आहे. लागोपाठ सात दिवस एकाच कारणाने उशीर झाला, तर वेळ वाढवून मागता येते. आठ नंबरचे उशीर वाचा. ट्रॅफिक, ट्रॅफिक, टायर, ट्रॅफिक. तुम्ही म्हणता ते कारण एकदा तरी कुणी लिहिलंय का?”

काकांनी गठ्ठा चाळला. डेपोत आज चाळीस बायका होत्या. पण कागदावर पाहिलं, तर अकरा वर्षांत त्यांतल्या एकीलाही लघवीला लागली नव्हती.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ताटात वाढत म्हणाली, “रोग रेड्याला आणि औषध पखालीला.”

“मला कसं कळणार? कुणी बोललंच नाही.”

“मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. तिथं एकच संडास, त्याची वाटही मास्तरांच्या खोलीतून. मी काय करत होते, विचारलंत कधी?”

“काय करत होतीस?”

“पाणी पीत नव्हते.” ती खाली बसली. “आणि घरी आले की तुम्ही मोठ्या प्रेमाने एरंडेल द्यायचात.”

काकांचा घास हातातच राहिला. बायको म्हणाली, “जेवा आता. झालं ते झालं.” तिने हे इतकं सहज म्हटलं की काकांना त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आठ नंबरमध्ये काका चढले. तीस वर्षं या बसची मिनिटं त्यांनी आखली होती, पण तिच्यातून शेवटपर्यंत कधी गेले नव्हते. मामांनी आरशातून पाहिलं. “काका, आज स्वारी इकडे कुठं?” काका म्हणाले, “तपासणी.” मामांनी पाठ ताठ केली आणि पुढचे चार थांबे फार सभ्यपणे गाडी चालवली.

गर्दी वाढत गेली. ताई माणसांतून वाट काढत तिकिटं फाडत होती, म्हाताऱ्यांना हात देत होती, सुट्ट्यांवरून दोन शब्द ऐकून घेत होती. मधूनच दांडीला पोट टेकवून क्षणभर डोळे मिटायची. काका ते बघत होते. त्यांना काहीच करता येत नव्हतं.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली आणि लगेच निम्मी भरलीही. मामा उडी मारून भिंतीकडे गेले. ताई आपल्या जागेवर बसून आकडे जुळवायला लागली.

“जा,” काका म्हणाले.

“कुठं?”

“बाजाराच्या मागे. तिकिटाचं मशीन दे माझ्याकडे. गाडी तू आल्याशिवाय हलणार नाही.”

“काका, तीन उशीर झाले की खुलासा द्यावा लागतो. माझे दोन झालेत.”

“खुलासा मी देईन. तू जा. पळू नकोस, नीट चालत जा.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग मशीन काकांच्या मांडीवर ठेवलं आणि पैशांची पिशवी काखेत घट्ट धरून उतरली. रस्ता ओलांडायलाच तिला मिनिट लागलं.

चार मिनिटं झाली. पाच झाली. गाडीत चुळबूळ सुरू झाली.

“काय बिघडलंय?” एका माणसाने घड्याळ दाखवत विचारलं.

“काही बिघडलेलं नाही,” काका म्हणाले. “कंडक्टर ताई लघवीला गेल्यात.”

विचारणाऱ्याने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मधल्या बाकावरची एक म्हातारी हळूच उठली आणि म्हणाली, “असं होय? मग मीपण जाऊन येते बाबा. तासाभराचा रस्ता आहे.” तिच्या मागोमाग फाइल छातीशी धरलेली एक मुलगी उतरली, आणि मग कडेवर पोर असलेली एक बाई. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. “काका, ही तपासणी भलतीच महागात जाणार,” ते म्हणाले, पण त्यांनी इंजिन बंद केलं.

ताई आणि त्या तिघी एकदमच परत आल्या. अकरा मिनिटं झाली होती. ताईने तोंड धुतलेलं दिसत होतं. तिने बॅगेतून रोजच्या नोंदीचा कागद काढला आणि काकांपुढे धरला. “लिहा काका, ट्रॅफिक. सगळे तेच लिहितात.”

“म्हणूनच अकरा वर्षं वेळ वाढली नाही. लागोपाठ सात कागदांवर खरं कारण आलं, तर साहेबांना वर पाठवावंच लागेल. माझे सातच दिवस राहिलेत. रोज मी गाडीत असेन, खाली ड्रायव्हरच्या सहीबरोबर माझी सही असेल. पण कारण कंडक्टरच्याच अक्षरात लागतं.” त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं.

ताईने ते घेतलं नाही. “काका, हा कागद दहा जणांच्या हातांतून जातो. बाप्ये वाचतील. उद्या डेपोत मला बघून हसतील.”

“हसतील,” काका म्हणाले. खोटा धीर द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. “मीपण हसलो असतो.”

म्हातारी पदराने हात पुसत ताईकडेच बघत होती. ताईने पेन घेतलं. मशीनवर कागद टेकवला, डाव्या हाताचा आडोसा केला, आणि परीक्षेत शेजारणीला दिसू नये तसं झाकून एकेक अक्षर लिहिलं. लिहून झाल्यावर थोडा वेळ हात तसाच ठेवला.

मग तिने हात काढला, आणि कागद सहीसाठी मामांकडे दिला.