शेवटच्या दरवाजाची धून

शाईस्तानं कॅसिओच्या पट्ट्यांवरून डावा हात उचलला, मूठ मिटली, आणि पत्र्याच्या शेडमधला अख्खा बँड एका दमात बंद पडला. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल, झांजा, सगळं. वरचे पत्रे तेवढे थोडा वेळ घुमत राहिले. मग तेही गप्प झाले. शाईस्ता डोळे मिटून ती शांतता ऐकत होती आणि तिच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. तिनं मूठ उघडली, तसा ढोल असा कडाडला की समोर खुर्चीत पाय पसरून बसलेला बंकट आण्णाचा माणूस धुळाजी दचकून सरळ झाला.

"आयला!" धुळाजी म्हणाला. "हेच. आण्णाला हेच पायजे."

उमापूरच्या रहीम मास्तरांचा हा बँड कालपरवापर्यंत चारचौघांसारखा होता. वरातीत वाजवायचं, पंगतीत जेवायचं आणि रस्त्यात टेम्पो बंद पडला तर ढकलायचा. नवरदेवाची वाट बघत ताटकळणारे वाजवणारे मोबाईलवर एकच खेळ खेळत बसायचे. त्या खेळातलं संगीत ऐकून ऐकून मास्तरांच्या मुलीच्या, शाईस्ताच्या, कानात बसलं. तिनं ते बँडसाठी नव्यानं बांधलं. क्लॅरिनेटला काय द्यायचं, ढोलानं कुठं उठायचं, सगळं तिनंच ठरवलं. कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि बघता बघता कॉलेजांची बोलावणी यायला लागली. बीडला तर हॉल इतका भरला की पोरं खिडक्यांत बसली होती. पुढच्या महिन्यात पुण्याला मोठ्या स्टेजवर कार्यक्रम होता. पोरगी बँडमध्ये बसते म्हणून नाकं मुरडणारे आता तिच्यासोबत फोटो काढायला रांग लावत. अर्थात नाकं त्यांची तीच होती.

सगळ्यांत गाजलेली धून होती शेवटच्या दरवाजाची. खेळणारा सगळे अडथळे पार करून एका दरवाजासमोर येतो, संगीत चढत चढत जातं आणि एकदम बंद पडतं. त्या शांततेत दरवाजा उघडतो, आतून राक्षस बाहेर येतो, आणि पहिल्या खेपेला त्याच्या हातून कुणी वाचत नाही. हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होतं. कार्यक्रमात ती जागा आली की हजार माणसं श्वास रोखून उभी राहत. शाईस्ताला स्वतःच्या कामातलं सगळ्यांत आवडायचं ते तेवढंच, जिथं काहीच वाजत नव्हतं.

"रविवारी आण्णाचा वाढदिवस," धुळाजी सांगू लागला. "आदी चकलांब्यातून मिरवणूक, मंग मैदानावर तुमचा लाईव्ह कार्यक्रम. मिरवणुकीत बी हीच धून पायजे. फक्त ती बंद पडायची जागा हाय ना ताई, ती मी दावीन तिथंच घ्यायची. मी रुमाल वर केला की बंद."

"कुठं घ्यायची?"

"भागवतच्या दारात."

शाईस्ताला बरंच वाटलं. संगीतातली एखादी जागा कुठं घ्यावी याचा इतका विचार करणारं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं.

"घेऊ की," ती म्हणाली. "पण तिथं लोक दाटीनं उभे पायजेत. मोकळ्यात मजा न्हाई येत."

"दाटीचं आमच्यावर सोडा," धुळाजी हसला आणि गाडीला किक मारून गेला.

रहीम मास्तर ट्रम्पेट पुसत होते. पुसून झालं तरी पुसतच होते.

"बेटा," ते म्हणाले, "वाजता वाजता आपण बंद कवा होतो?"

"मस्जिदीम्होरं. नमाजच्या वक्ताला."

"आन?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला दुसरी जागा आठवली. लहानपणापासून तिनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. वरात कितीही रंगात असो, गल्लीत कुणाच्या घरी मयत झालेली असेल तर त्या दारापुढं बँड बंद होतो. नवरदेवही घोड्यावर मान खाली घालतो. चार घरं पुढं गेल्यावर वाजंत्री पुन्हा सुरू होते. गावात कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

भागवतच्या घरी कुणीही मेलेलं नव्हतं.

तिला सगळं समजलं, आणि आपण दाटी हवी म्हणून सांगितलं हे आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

चकलांब्याचा भागवत दूध घालायला पहाटे मोटारसायकलवर निघायचा. उन्हाळ्यात नदीच्या रस्त्यावर त्याच्या डोळ्यांदेखत बंकट आण्णाचा वाळूचा टिप्पर मेंढरं राखणाऱ्या म्हाळूच्या अंगावरून गेला. टिप्पर क्षणभर हळू झाला होता. ड्रायव्हरच्या शेजारी आण्णा बसलेला होता आणि त्यानंच पुढं चल अशी हातानं खूण केली. भागवतनं पाहिलं ते पोलिसांत जसंच्या तसं सांगितलं. त्याच्याशिवाय पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. आता कोर्टात त्याची साक्ष तोंडावर आली होती.

"अब्बा, आपण जायाचंच न्हाई," शाईस्ता म्हणाली.

"नक्को बेटा, असं बोलू नक्को. आण्णाला न्हाई म्हणलेल्या मंडपवाल्याचं काय झालं, म्हाईत हाय ना? कनाती जळाल्या. कशानं जळाल्या, ते अजून कुणाला सापडंना."

संध्याकाळी तिनं मोहिनीला फोन लावला. मोहिनी भागवतची बायको. दोघी गेवराईच्या कॉलेजात एका बाकावर बसलेल्या, एकाच एसटीनं आलेल्या-गेलेल्या. शाईस्तानं अडखळत सगळं सांगितलं. पलीकडं मोहिनी भांडी घासता घासता ऐकत होती.

"आमाला कळतंय गं," मोहिनी म्हणाली. "परवा दारात कुणीतरी हार टाकून गेलतं. झेंडूचा. तुला सांगते, मी तो उचलला बी न्हाई, काठीनं लोटला."

"मंग तुमी रविवारी दुसरीकडं जा की. वडवणीला, तुझ्या भैनीकडं."

"ते न्हाई म्हणतेत. आज घर सोडलं तर उद्या कोर्टात कोणत्या तोंडानं उभं ऱ्हायचं, म्हणतेत. लई भ्या वाटतंय शाईस्ता. रात्री मोटारसायकल वाजली तरी उठून बसतेत."

"मोहिनी, ऐक. आमी तुझ्या दारात बंद पडणार न्हाई. काय बी होऊ दे. वाजतच राहील."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण शब्द देऊन बसलो. पण तो परत घ्यावा असं तिला वाटलं नाही.

दोन दिवस खपून तिनं धून नव्यानं बांधली. नुसती शांतता काढून चालणार नव्हतं, तिथं काहीतरी भरायला हवं होतं. खेळाच्या सुरुवातीला एक गाव येतं. कोंबड्या, बाजार, गाडीवान. आणि तिथं एक खुळी, आनंदी चाल वाजते. शाईस्तानं ती उचलली, तिला हलगीचा ठेका जोडला आणि शेवटच्या दरवाजाला नेऊन चिकटवली. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा अशी ती झाली. साईड ड्रमवरचा हारिस, तिचा चुलतभाऊ, वाजवता वाजवता स्वतःच नाचायला लागला. शेडमध्ये त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

"रुमाल दिसला न्हाई म्हणू," मास्तर म्हणाले. "गर्दीत चूक कुणाची बी होती."

त्यांचा आवाज धड नव्हता. पण मुलीपुढं ते छाती काढून उभे होते, आणि शाईस्ताला बापाचा असा अभिमान कधीच वाटला नव्हता.

रविवारी उन्हं कलली तशी मिरवणूक वेशीतून निघाली. जेसीबीच्या बकेटीतून फुलं पडत होती. उघड्या जीपमध्ये बंकट आण्णा गुलालानं माखून उभा होता आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाकून नमस्कार करत होता. पाहणाऱ्याला वाटावं, याच्यासारखा गरीब माणूस नाही. बँड पुढं चालत होता. त्यामागं पिकअपच्या हौद्यात कॅसिओ मांडून शाईस्ता बसली होती. चौकाचौकांत नवी पोरं येऊन मिळत होती. धुळाजीनं शब्द पाळला होता. मुंगीलाही वाट मिळणार नाही अशी दाटी होती.

भागवतच्या गल्लीत वळल्यावर मास्तरांनी शेवटच्या दरवाजाची धून धरली. पोरांनी आरोळी ठोकली आणि मोबाईल वर गेले. संगीत चढू लागलं. शाईस्ताला ते घर दिसलं. दार सताड उघडं होतं. ओट्यावर भागवत धुतलेला सदरा घालून बसला होता, पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखा. मोहिनी चौकटीत उभी होती आणि तिची नजर गर्दीतून एकच माणूस शोधत होती. दोघींची दृष्टादृष्ट झाली. शाईस्तानं धीर देत मान डोलावली.

धुळाजीचा रुमाल वर गेला.

बँड बंद पडायच्या आधीच पोरं थांबली. त्यांना जागा पाठ होती. शेदोनशे जण जागच्या जागी उभे राहिले आणि सगळे मोबाईल त्या उघड्या दाराकडं वळले. आपण काढून टाकलेली शांतता ही पोरं सोबत घेऊनच आली आहेत, असं शाईस्ताला वाटलं. तिनं घाईनं पट्ट्यांवर बोटं आपटली. हारिसनं ठेका धरला. मास्तरांनी आकाशाकडं बघत ट्रम्पेट उचललं आणि त्या मेल्या गल्लीत बाजाराची ती खुळी चाल सुरू झाली.

पोरं गोंधळली. एक जण फिस्सकन हसला. मग दुसरा. कुणाचा तरी खांदा हलला, आणि बघता बघता सगळी गल्ली उड्या मारायला लागली. शाईस्ताचा जीव भांड्यात पडला. मोहिनीनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत होती की हसत होती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

धुळाजी दात खात मास्तरांकडं निघाला. पण जीपमधून आण्णानं त्याला थांबवलं. आण्णा हसत होता. मान एका बाजूला कलती करून त्यानं थोडा वेळ चाल ऐकली, हातानं ठेकाही धरला.

"मास्तर, झकास!" तो ओरडला. मग त्याचं लक्ष ओट्याकडं गेलं. "काय बे भागवत, बसलास कशापायी? माझा वाढदिवस हाय. नाच की!"

"भागवत! भागवत!" पोरांनी गिल्ला केला.

भागवत हलला नाही. धुळाजी ओट्यावर चढला, लग्नातल्या मित्राला ओढावं तसं त्याच्या गळ्यात हात टाकून त्याच्या कानाशी लागला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. भागवतनं वळून एकदा मोहिनीकडं पाहिलं. मग तो उतरला.

आधी त्यानं नुसते हात वर केले. पोरांनी रिंगण धरलं. मग त्याचे पाय हलले. त्याला नाचता येत नव्हतं, पण ठेकाच असा होता की न येणाऱ्यालाही पाय सापडावा. आण्णा जीपमधून उतरला, त्याच्याशेजारी येऊन नाचू लागला आणि त्याच्या कपाळाला गुलाल फासून त्याला मिठी मारली. शंभर मोबाईलनी ती मिठी टिपली. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्याच वाढदिवसाला गुलाल लावून नाचणारा साक्षीदार. आता कोर्टात तो काहीही बोलला तरी त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं?

मास्तरांचा दम संपत आला होता. गाल लाल झाले होते. त्यांनी मागं वळून मुलीकडं पाहिलं. बंद करू का, असं ते डोळ्यांनी विचारत होते.

बंद केलं असतं तर भागवत थांबला असता. पण बंद केलं असतं ते त्याच्याच दारात. पोरं पुन्हा जागच्या जागी उभी राहिली असती, आणि आता तर आण्णा त्याच्या हातभरावर होता. तिनं चौकटीकडं पाहिलं. मोहिनी नाचणाऱ्या नवऱ्याकडं बघत नव्हती. ती शाईस्ताकडं बघत होती, आणि त्या नजरेत थांब आहे की थांबू नको, ते शाईस्ताला काही केल्या वाचता येईना.

चाल संपत आली. शेवटचे चार सूर उरले. भागवतचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

शाईस्तानं मान खाली घातली आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.