दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलेले एकोणीस जण

मित्रांनो, पक्षाच्या कचेरीतली ती जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट म्हणजे मीच. माझ्यात 'सहा माणसे' अशी पाटी आहे, पण निवडणुकीच्या दिवसांत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एका कारखान्यात माझे सुटे भाग तयार झाले, ट्रकमधून येथे आले आणि जुळवल्यावर माझ्यावर चार मजल्यांचे काम पडले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. लोक उगाचच वर जाऊन खाली येत. पुढे कौतुक आटले आणि वंगणही आटले. एकदा तर ताईंना घेऊन मी दोन मजल्यांच्या मध्येच पाऊण तास अडकून पडले. दोन वर्षे दुरुस्तीवाला फिरकला नव्हता, पण बोल मलाच लागला. त्या दिवसापासून ताई जिन्याने जाऊ लागल्या आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

ताई म्हणजे पक्षाच्या उपनेत्या. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. स्वभावाने मवाळ, विरोधकांशीही बसून बोलणाऱ्या, सभेत आवाज न चढवणाऱ्या. पक्षाचे नेते चौथ्या मजल्यावर बसत, त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांचा आवाज मात्र माझ्या मदतीशिवाय तळमजल्यापर्यंत पोहोचे. त्यांच्या गरमागरम भाषणांपायी मागच्या निवडणुकीत पक्षाच्या निम्म्या जागा गेल्या होत्या. पुढच्या खेपेला उरलेल्याही जातील, अशी ताईंना धास्ती होती. नेतेपदासाठी साहेबांच्या विरोधात उभे राहण्याचे दोनदा त्यांच्या मनात आले होते. दोन्ही वेळा पुरेशी मते दिसेनात, म्हणून त्या गप्प बसल्या. या वेळी मात्र त्यांनी अर्ज भरला. हे दोघे सोडून पक्षाचे चोपन्न सदस्य गुप्त मतदान करणार होते. जिंकायला अठ्ठावीस मते हवी होती.

आठवडाभरात एकतीस सदस्य एकेक करून ताईंच्या खोलीत येऊन गेले. सगळ्यांनी मत द्यायचा शब्द दिला. ताई प्रत्येकाला दारापर्यंत सोडत आणि आत वळत. पुढचे फक्त मला आणि माझ्या लिफ्टमनला दिसे. त्यांना सगळे मामा म्हणत. एकतीसपैकी एकोणीस जण ताईंच्या दारातून निघाले, माझ्यात शिरले आणि मामांना म्हणाले, "चौथा."

त्यांतले एक जाडजूड सदस्य कपाळ पुसत म्हणाले, "मामा, मी दुसऱ्यावरून चढलो हे कुठं बोलू नका हं."

"माझं काम दार उघडायचं. तोंड नाही," मामा म्हणाले.

मी मोजत होते. एकतिसांतले एकोणीस गेले, उरले बारा. ताईंची शोभा होणार, हे मला स्पष्ट दिसत होते. त्या एकोणीस जणांचा मला इतका राग आला की चौथ्यावर पोहोचताना मी मुद्दाम हिसका देऊ लागले.

मतदानाच्या सकाळी ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सदस्यांच्या घरांचे जिने चढून चढून त्यांचा गुडघा सुजला होता. दार लागल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मामा, तुम्हाला इथं सगळं दिसतं. खरं सांगा, अर्ज मागे घेऊ का? दहा वाजेपर्यंत घेता येतो."

मामांचा हात बटणापाशीच थांबला. आता तरी हे सांगतील, असे मला वाटले.

"ताई, मला चारच मजले मोजता येतात," ते म्हणाले. "त्यापुढचं मला विचारू नका."

ताईंनी अर्ज मागे घेतला नाही. दुपारी निकाल लागला. साहेबांना तीस, ताईंना चोवीस. ताई हरल्या.

संध्याकाळी त्या परत माझ्यात आल्या, तेव्हा मामांना राहवले नाही. "ताई, सकाळी मी टाळलं. एकोणीस जण तुमच्याकडून निघून थेट साहेबांकडे गेले होते. मला वाटलं, तुम्हाला बाराच पडतील."

"मग सांगितलं का नाही?"

"तिसऱ्यांदा तुम्ही गप्प बसलेल्या मला बघवलं नसतं."

ताई म्हणाल्या, "बारा म्हणाला असतात, तर मी दहाच्या आत अर्ज मागे घेतला असता. आणि चोवीस आहेत हे मला कधीच कळलं नसतं."

पुढच्या सोमवारी साहेब माझ्यात शिरले. मामांनी सवयीने चौथ्याचे बटण दाबले, तर साहेब घसा खाकरून म्हणाले, "आधी दुसऱ्यावर थांबवा. ताईंशी बोलायचंय." इतक्या वर्षांत असे कधी घडले नव्हते.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना वेळच्या वेळी वंगण घाला, ही विनंती तर आहेच. पण आणखी एक सांगते. कोणाला कोणाच्या दारात जाताना पाहिले, एवढ्यावरून त्याचे मन ओळखले असे समजू नका. ज्यांना मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांतल्याच बारा जणांनी ताईंना मत दिले असणार; शब्द देणाऱ्या उरलेल्या बारांखेरीज दुसरे कोणी त्यांच्या दारात फिरकलेही नव्हते. ते बारा नेमके कोण, हे मला आजही ठाऊक नाही. म्हणून आता एकोणीसही जणांना मी हिसका न देता, सांभाळून नेते.