कॅप्टनचा फोटो

साथ आली तेव्हा कितीतरी लोकांची धूळदाण झाली, पण एका माणसाचं मात्र सोनं झालं. तो म्हणजे नाक्यावर स्टुडिओ चालवणाऱ्या फोटोवालीचा नवरा. त्याआधी त्याला इमारतीत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. ऑफिसांना खुर्च्या विकणारा माणूस, त्याला कोण कशाला विचारील? पण साथ आली, इमारतीची सुरक्षा समिती निघाली, बाकीचे जीव मुठीत धरून घरात बसले होते म्हणून हा प्रमुख झाला, आणि ताप मोजायची पांढरी बंदूक गळ्यात अडकवून जिने चढू-उतरू लागला. कुणीतरी थट्टेने त्याला कॅप्टन म्हणालं. थट्टा कळायला जे काही लागतं ते त्याला देवाने दिलंच नव्हतं. त्याने इमारतीच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाआधी कॅप्टन असं लिहूनच टाकलं.

बायकोला दिवस गेलेले, हीसुद्धा त्याला समितीच्या कामाची सोयच वाटली. रोज सकाळी तिला बाल्कनीत उभं करायचं, तिच्या पोटावर हात ठेवून स्वतःचा फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, ‘माझी दोन माणसं, माझी जबाबदारी.’ की लगेच अंगठे, जोडलेले हात, लाल बदाम यांचा पाऊस. ‘असा नवरा नशिबाने मिळतो गं,’ असं खालच्या मजल्यावरच्या काकू न चुकता लिहायच्या.

नशिबाने मिळालेला हा नवरा दाराला आतून कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायचा. बाहेर साथ आहे, हे त्याचं प्रत्येक गोष्टीला उत्तर. तिची ताई भेटायला येणार म्हणाली, तर साथ आहे. खाली पाय मोकळे करून येते म्हटलं, तर साथ आहे. तिचा फोन कपाटात गेला, कारण म्हणे बाळाला लहरी लागतात. त्याच्या फोनच्या लहरी बहुधा बाळाला ओळखून दूर राहायच्या.

सातव्या महिन्यात एकदा तिने मास्क न लावता दार किलकिलं करून दूध घेतलं. त्याने तिला ओट्यावर ढकललं. तिने ऐन वेळी पोट वळवून घेतलं म्हणून ओट्याची कड बरगडीत बसली. मग तो बेसिनपाशी गेला आणि त्याने साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, समितीने जिन्यात लावलेल्या चित्रात दाखवलंय अगदी तसे. मारून झालं की तो हात धुवायचाच. स्वच्छतेच्या बाबतीत त्याला कुणी नाव ठेवू शकलं नसतं.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत दंडावरचं काळंनिळं दिसलं, की तो फोन तिच्यापुढे धरायचा. “हे काढून टाक.” तिचा धंदाच तो. नाक्यावरच्या तिच्या स्टुडिओत लोकांचे मुरूम, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं काढून काढून तिची बोटं तयार झालेली. ती स्वतःचा दंड गोरा करून द्यायची आणि मनातल्या मनात त्याची बिनपाण्याने हजामत करायची. तेवढी एक करमणूक तिला राहिली होती. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. रोज वाटायची. पण भीती वाटते म्हणून काही माणूस मोठा दिसायला लागत नाही. तो तिला होता तेवढाच दिसायचा.

स्टुडिओत तिने एक गोष्ट बघून ठेवलेली. बापाचं न ऐकणारा, साहेबाला भीक न घालणारा माणूसही फोटोवालीचं ऐकतो. हनुवटी वर म्हटलं की वर करतो, एक पाऊल मागे म्हटलं की गुमान सरकतो, कशाला म्हणून विचारत नाही. हा बाबाही तिला तिथेच भेटला होता. अर्जासाठी फोटो हवा होता आणि कान मोठे दिसतात म्हणून त्याने तो पुन्हा पुन्हा काढायला लावला होता. ते कान मोठेच होते.

दिवस भरत आले तसं त्याने तिला बजावलं, “दवाखान्यात उगाच काही बोललीस तर बाळ माझ्याकडे आणि तू रस्त्यावर. लोक कॅप्टनवर विश्वास ठेवतील की तुझ्यावर?” यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून तिला जास्त लागलं. तिला कळून चुकलं होतं की बाळाला घेऊन आपण त्या कुलपाआड परत गेलो, की मग बाहेर पडणं नाही. दवाखान्यात, त्याच्या माघारी, कुणाच्या तरी कानावर घालायला हवं होतं. पण तो माघारी जाईल तर ना.

दवाखान्याचा नियम होता, बाईबरोबर एकच माणूस. आत आला की सुटी होईपर्यंत आत. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की परत प्रवेश नाही. अर्थातच तो एक माणूस म्हणजे कॅप्टन.

ते पोचले तेव्हा एक तरणा बाप फाटकाशी घुटमळत होता. स्कूटरवर राहिलेली बाळंतिणीच्या कपड्यांची पिशवी आणायला बाहेर गेला होता बिचारा. वॉचमन म्हातारा, मऊ मनाचा; त्याने त्याला हळूच आत सोडलं. कॅप्टनला जणू मेजवानीच मिळाली. “हे काय चाललंय? नियम म्हणजे नियम! आमच्या इमारतीत माझ्या सख्ख्या आईला मी आत घेतलं नाही!” एवढ्यावर न थांबता त्याने दवाखान्याच्या मोठ्या साहेबांपर्यंत तक्रार नेली. साहेबांनी सगळ्यांदेखत वॉचमनला झापलं, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं म्हणाले. वॉचमनने कॅप्टनकडे नीट बघून घेतलं.

वॉर्डात मोठ्या सिस्टरांनी फोटोवालीचं ब्लडप्रेशर घ्यायला बाही वर केली आणि त्या थांबल्या. “हे काय लागलंय?”

“बाथरूममध्ये पाय घसरला,” कॅप्टन म्हणाला.

“मी त्यांना विचारतेय.”

“ती काय सांगणार? माझं काही ऐकेल तर ना. राणीसारखं ठेवलंय, विचारा हवं तर.”

सिस्टरांच्या भुवया वर गेल्या. मास्कमुळे दिसण्यासारखं तेवढंच होतं. त्यांनी तपासणीसाठी पडदा ओढला, तर पडद्याखाली त्याचे बूट दिसत राहिले. फोटोवालीने त्या बुटांकडे बघत बाही खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या, पण अजून लांब लांब. “व्हरांड्यात फेऱ्या मार,” सिस्टर म्हणाल्या. ती चालायला लागली. तिच्या मागे तो, फोनमध्ये डोकं घालून, तोंड पाडून. वॉर्डातला कालचा फोटो साफ पडला होता. पिवळा उजेड, चेहऱ्याचं भजं झालेलं, आणि अंगठे मोजकेच. काकूंनीसुद्धा काही लिहिलं नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाला पायऱ्या, पुढे आवार, आवारापलीकडे फाटक. ऊन इमारतीच्या मागून येत होतं, त्यामुळे सगळं आवार सावलीत होतं. उन्हाचा लखलखीत पट्टा फाटकाच्या बाहेर पडलेला, तिथेच एक ॲम्ब्युलन्स उभी. ॲम्ब्युलन्सच्या ये-जासाठी फाटक उघडं होतं. फोटोवालीने सवयीने उजेड बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं. मग परत उजेडाकडे.

“आत काढलेले फोटो चांगले येत नाहीत रे,” ती म्हणाली. “बाहेर बघ, कसला उजेड आहे. तू मध्ये उभा, पाठीमागे ॲम्ब्युलन्स. बाप होणारा कॅप्टन. लोक जपून ठेवतील असला फोटो.”

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला त्याला शिडी लागत नसे. “काढू?”

“मी काढते. तू काढतोस त्यात कान मोठे येतात.”

त्याने फोन तिच्या हातात दिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ती पायरीवर खांबाला टेकून उभी राहिली. तो आवारात गेला, केस सारखे केले, मास्क हनुवटीखाली घेतला. जगाला मास्क शिकवणारा माणूस फोटोपुरता तो नेहमी खाली घ्यायचा.

“तोंडावर सावली आहे. एक पाऊल मागे.”

तो सरकला.

“हनुवटी वर. अजून मागे. ॲम्ब्युलन्स कापली जातेय.”

तेवढ्यात कळ आली. कमरेतून निघाली आणि पायांपर्यंत गेली. तिने खांब पाठीत रुतेल इतकी पाठ दाबली आणि फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. आता आपण बसलो तर तो धावत येणार, आणि धावत आला की संपलं.

“काय झालं? काढ ना!”

“हात हलला,” दात आवळून ती म्हणाली. “खांदे सैल सोड. मागे हो. अजून एक पाऊल.”

वॉचमन खुर्चीतून उठला. तो कॅप्टनला सावध करू शकला असता. त्याने काय केलं, तर खुर्ची उचलून बाजूला घेतली, कॅप्टनसाहेबांच्या पायात यायला नको म्हणून.

“बस. अजून एकच.”

ऊन त्याच्या तोंडावर आलं. डोळे बारीक झाले, छाती पुढे आली, कानांवर उजेड लखलखला. तिने फोटो काढला. आणि वॉचमनने फाटक लावून घेतलं.

“ओ, उघडा! मी आतलाच आहे.”

“बाहेर पडलात, साहेब.”

“अरे फोटो काढत होतो! मी कोण आहे माहितीय ना?”

“माहितीय तर. तुम्हीच शिकवलंत, नियम म्हणजे नियम. माझी नोकरी जायची.”

त्याने गजांतून हात घातला. “फोन! माझा फोन दे आधी!”

“साथ आहे,” फोटोवाली म्हणाली. “वस्तू हातातून हातात द्यायची नाही.”

त्यावर तो जे बोलला ते त्याच्या तोंडून तिने बंद दाराआड रोज ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच ते सगळ्या आवाराने ऐकलं. आवाज ऐकून मोठ्या सिस्टर धावत आल्या. तिला धरून आत नेलं, पडदा ओढला. पडद्याखाली या वेळी फक्त फरशी होती.

“आता सांग,” सिस्टर म्हणाल्या. “हे कुणी केलं?”

“तो फाटकाशी बोंबलतोय ना, त्याने.”

पहिलं वाक्य निघालं आणि मग ती थांबलीच नाही. दंड दाखवला, बरगडी दाखवली, कुलूप, किल्ली, ओटा, सगळं सांगितलं, मध्ये कळ आली की सिस्टरांचं मनगट धरायची, कळ गेली की पुढे. रडलीही. सिस्टरांनी डॉक्टरबाईंना बोलावलं, पोलिसांना कळवलं, आणि ताईचा नंबर विचारला. तो तिला पाठ होता. “तिथून सुटी झाली की तू माझ्या घरी यायचंस,” फोनमधून ताई म्हणाली, “आणि साथीचं नाव काढशील तर थोबाडीत देईन.” मग ताईला आपण काय बोललो ते कळलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. फोटोवालीला त्या कळांत हसू आलं.

लेबर रूममध्ये न्यायच्या आधी ती म्हणाली, “सिस्टर, जरा दंड खिडकीकडे धरता? उजेड हवा.” तिने स्वतःच्या दंडाचा फोटो काढला. जसा होता तसा, काहीही न पुसता. त्याच्याच फोनवरून त्याच्याच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे मी आजवर काढून टाकत होते. फोटोवाली.’

पहिल्यांदाच त्या ग्रुपवर ना अंगठा आला, ना बदाम. बऱ्याच वेळाने खालच्या काकूंनी लिहिलं, ‘आवाज यायचे गं. आम्हाला वाटलं, फर्निचर सरकवताय.’

इतके महिने फर्निचर! खुर्च्या विकणाऱ्याच्या त्या घरात दोन खुर्च्या आणि एक पलंग होता. काकूंना काय वाटलं असेल ते काकूंनाच ठाऊक; टाळ्या वाजवणाऱ्या हातांना बेल वाजवायला काय झालं होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. फोटोवालीनेही नाही. तिला दुसरं काम होतं.

दुपारी मुलगी झाली. आल्या आल्या तिने अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. कान जरा मोठेच होते. असू देत, फोटोवालीने ठरवलं, यातलं काही काढायचं नाही.

तिला खोलीत आणल्यावर मोठ्या सिस्टर आल्या. त्या अवघडल्या होत्या. “तो अजून फाटकाबाहेर आहे. पोलीसबाई आल्यात त्याच्यापाशी. म्हणतोय, बाळ खिडकीतून तरी दाखवा. बाहेरच्या नातेवाइकांना आम्ही तसं दाखवतो खरं.”

“नियम काय आहे?”

“आईने हो म्हटलं तर दाखवायचं.”

फोटोवालीने कुशीतल्या पोरीचं टोपडं सारखं केलं. आई म्हणजे आपण, हे समजायला तिला एक क्षण लागला.

“मग त्याला जाऊन सांगा,” ती म्हणाली, “आई नाही म्हणाली.”