मनुबाईच्या बशा

"आवं सायेब, बशीवर वाकून बोलू नगा! तोंडातनं काय पडतंय त्ये दिसत न्हाई, म्हंजे पडत न्हाई व्हय?"

धुतलेल्या भांड्यांची पाटी कमरेवर घेऊन मनुबाई दारातच थबकली होती. अजितकुमारच्या हातातला काचेचा चंबू तसाच हवेत राहिला. समोर टेबलावर झाकणाच्या सहा काचेच्या बशा, शेजारी स्पिरिटचा दिवा, आणि खिडकी सताड उघडी.

"खिडकी लावा आदी. पंखा बंद करा. आन् झाकणं उताणी कुणी ठिवली?"

"मीच," अजितकुमार म्हणाला आणि मुकाट्यानं खिडकी लावायला उठला.

तो आष्ट्याच्या जैन घरातला. शेतकी शिकून कराडजवळच्या एका साखर कारखान्यात ऊस खात्याला लागला होता आणि कराडातल्याच शनिवार पेठेत मनुबाईच्या खोलीवरची खोली भाड्यानं घेऊन राहत होता. मनुबाई त्याची धुणीभांडी करायची. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी त्याला अळंबीच्या बियाण्याची काचेची नळी दिली होती. ते बियाणं वाढवायचं तर आधी त्याला खायला द्यायला हवं: बटाट्याचं पाणी, साखर, आणि ते घट्ट व्हायला चायना ग्रास. हे सगळं कुकरमध्ये उकळून बशांत ओतायचं, थिजू द्यायचं, आणि मग त्यावर अळंबीचा एवढासा तुकडा ठेवायचा. कागदावर सोपं होतं. पण तीन आठवडे झाले, अळंबीऐवजी हिरवी-काळी बुरशीच वर येत होती. घरी कुणाला सांगायचीही सोय नव्हती. बटाटासुद्धा ज्या घरात येत नाही, तिथं अळंबीचं नाव काढणार कसं?

मनुबाईनं पाटी खाली ठेवली. कोपरापर्यंत हात साबणानं घासले, नखं घासली, आणि ते पुसले नाहीत, बोटं वर करून तसेच वाळू दिले. मग तिनं चंबूचं तोंड दिव्यावर फिरवलं. डाव्या हातानं बशीचं झाकण बोटभरच, एका बाजूनं उचललं, ओतलं, मिटलं. पुढची बशी. एक थेंब इकडंतिकडं नाही.

"मावशी, हे कुठं शिकलात तुम्ही?"

"बावीस वर्सं आपरेशनच्या खोलीत काढली मी," ती म्हणाली आणि पाटीतली भांडी फळीवर लावायला लागली.

चार दिवसांनी अजितकुमार जिना उतरून धावतच खाली आला. अळंबी न ठेवता तशाच झाकून ठेवलेल्या सहाच्या सहा बशा काचेसारख्या स्वच्छ होत्या.

"मावशी, काही म्हणजे काही उगवलं नाही!"

"न्हाईच उगवणार," मनुबाई म्हणाली. पण वर जाऊन बशा बघताना तिची नजर मोरीपाशी ठेवलेल्या त्याच्या जुन्या, बिघडलेल्या बशांकडं गेली. एकीवर हिरवी लव होती, एकीवर दह्याच्या शिंतोड्यांसारखे पांढरट ठिपके.

"ह्ये काय वं?"

"हेच ते जंतू. हवेत असतात, हातावर असतात, चिमट्यावर असतात. एरवी दिसत नाहीत. इथं खायला मिळालं की वाढतात, मग दिसतात."

मनुबाईनं ती बशी उचलून उजेडाकडं धरली. बावीस वर्षं जे मारायला ती पाणी उकळत राहिली, ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं होतं. ठिपके. एवढेच.

"म्हंजे एकाद्या हत्याराला काय ऱ्हायलं आसंल, तर त्ये बी हितं दिसंल?"

"दिसेल की. का?"

"काय न्हाई. इचारलं."

विचारण्यासारखं मात्र होतं. दोन वर्षांपूर्वी, शहात्तर साली, ती ज्या दवाखान्यात होती त्या दवाखान्याच्या लोकांनी एका शाळेत कुटुंब नियोजनाचं शिबीर घेतलं होतं. एका दिवसात बावन्न बायांची ऑपरेशनं. बाकांवर चादरी घातल्या होत्या आणि वर्गाबाहेर रांग लागली होती. हत्यारं वीस मिनिटं उकळायची, हा मनुबाईचा कधी न मोडलेला नेम. त्या दिवशी दुपारनंतर तिनं पाच मिनिटांतच चिमटे बाहेर काढले. एवढं तिला पक्कं आठवत होतं. "आणा, आणा" असा आवाजही आठवत होता. पण 'आणा' म्हणालं कोण? डॉक्टर? नर्सबाई? की रांगेतल्या बायांची पोरं रडत होती म्हणून तिनंच घाई केली? तो आवाज आठवायचा, पण त्यामागचं तोंड काही केल्या दिसायचं नाही.

त्या बावन्नांतली रंगुबाई नावाची एक बाई नवव्या दिवशी दवाखान्यातच पोटात पू होऊन गेली. मग चौकशी झाली आणि मनुबाईच्या नावानं एक टाइप केलेला कागद आला. कंपाउंडर दादासोनं तो दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. हत्यारं पुरेशी उकळली नाहीत, ही माझी चूक, असं त्यात होतं.

"मनुबाई, कागदापुरतं हाय. द्या अंगठा," दादासो म्हणाला.

तिनं दिला. महिन्याभरात तिला कामावरून काढलं.

पहिल्या-पहिल्यांदा तिला वाटायचं, कागदातलं खोटं आहे. पण पुढं पुढं त्या दिवसाचं स्वतःचं काही आठवायला गेलं की कागदातली वाक्यंच आठवायला लागली. अंगठा उठवला म्हणजे तसं झालंच असणार. का नसणार? भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची.

पुढच्या रविवारी अजितकुमार बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यासाठी आष्ट्याला गेला. त्याच्या खोलीची किल्ली मनुबाईकडंच असायची. दहाच्या सुमाराला तिनं स्टो पेटवला. दोन चिमटे घेतले. गजराचं घड्याळ पुढ्यात ठेवून एक पाच मिनिटं उकळला, दुसरा वीस. पाच मिनिटांचा चिमटा एका स्वच्छ बशीत टेकवला आणि झाकणावर कुंकवाचा एक ठिपका दिला. वीस मिनिटांच्या चिमट्याला दोन ठिपके. तिसऱ्या बशीत तिनं धुतलेल्या हाताचं बोट टेकवलं आणि तीन ठिपके दिले. मग तिन्ही बशा कपाटात सरकवल्या आणि घामाघूम होऊन जिन्यात बसून राहिली. कुणी पाहिलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, की आपण नेमकं काय केलं.

चौथ्या दिवशी बशा अजितकुमारलाच सापडल्या. तो चिडलाच होता.

"मावशी, माझ्या सहा बशांतल्या तीन गेल्या! आणि हे कुंकू कसलं?"

"उगडून बगू नगा, वरनंच बगा. एका ठिपक्याची कशी हाय?"

"स्वच्छ आहे."

"दोन?"

"हिरवी बुरशी आलीय."

मनुबाई दोन्ही बशा घेऊन फरशीवर बसली. "उलटं झालं वं. आसं कसं? पाच मिंटाची सोच्च आन् वीस मिंटाची नासली? तुमी नीट बगा. आन् तीन?"

"तीनच्या बशीत दोन पांढरे ठिपके उगवलेत. मावशी, काय केलंत काय तुम्ही?"

मग तिनं सांगितलं. शाळा, बाक, रांग, 'आणा' म्हणणारा आवाज, कागद. कधी पुढचं आधी आलं, कधी मागचं राहून गेलं. अजितकुमार खुर्चीवरून उठून तिच्यासमोर खाली फरशीवर बसला.

"झाकण उघडलंत तेव्हा वाऱ्यातनं काहीतरी पडलं असणार," तो हळूच म्हणाला. "म्हणून दोन नंबरची बिघडली."

"मग त्या दिशी बी वाऱ्यातनंच पडलं आसंल?"

"असू शकतं."

"का चिमट्यावरच ऱ्हायलं आसंल?"

"तेही असू शकतं."

"आन् माज्या हातातनं गेलं आसंल तर?"

त्यानं तीन ठिपक्यांची बशी बाजूला सारली आणि म्हणाला, "मावशी, एका बशीवरनं काही ठरत नाही. शंभर कराव्या लागतात. आणि शंभर केल्या तरी त्या दिवशी काय झालं, हे आता कुठलीच बशी सांगणार नाही."

"आवं, बावन्न बाया हुत्या," मनुबाई म्हणाली. "त्याच पान्यातली हत्यारं, हेच हात. एक्कावन्न बऱ्या हून घरला गेल्या. मग त्यास्नी कुणी बरं केलं म्हणायचं?"

 अजितकुमारनं त्या तीन बशा उचलल्या आणि उकळत्या पाण्यात टाकल्या.

उरलेल्या बशांत अळंबी धरली. आधी कापसासारखे धागे पसरले, मग ज्वारीच्या दाण्यांवर, मग भिजवलेल्या भाताच्या काडात. मनुबाई रोज ते बघायची आणि गोंधळायची. काही उगवू नये म्हणून जे हात शिकले होते, तेच हात आता उगवावं म्हणून तसंच करत होते. महिन्या-दीड महिन्यानं काडाच्या पिशवीतून करड्या पाकळ्या फुटल्या. अजितकुमार आनंदानं वेडा झाला होता. पण मनुबाईनं त्याच दिवशी सुट्टी मागितली आणि शिराळ्याची एसटी धरली.

शिराळ्यापुढं कोसभर चालल्यावर रंगुबाईची वाडी. काय बोलायचं ते तिनं गाडीत घोकलं होतं: चूक माझी आसंल, नसंल, मला म्हाईत न्हाई, पर मी तिथं हुते. घर सापडलं. रंगुबाईची सासू शालूबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. मुलगा मिलिटरीत, नातवंडं शाळेला गेलेली.

"कोण म्हनायचं?"

"मी कऱ्हाडची मनुबाई. त्या शिबिराला हुते. दवाखान्यात कामाला."

शालूबाईचे हात थांबले. मनुबाईनं घोकलेलं वाक्य सुरू केलं, पण ते मध्येच अडकलं. पुन्हा सुरू केलं, तर उलटंसुलटं बाहेर पडलं. पाच मिनिटं, वीस मिनिटं, वारं, हात.  त्यातलं शालूबाईला किती कळलं, कोण जाणे. ती रागावली नाही, की रडली नाही. हातातली शेंग सुपात टाकून तिनं एवढंच विचारलं,

"तुमी व्हता का तिच्यापाशी? शेवटाला?"

"व्हय. दुपारची येळ हुती. मीच हुते."

"मी पोचले तवा तोंडावर चादर हुती," शालूबाई म्हणाली. "काय बोलली का वं ती?"

दोन वर्षांत हे मनुबाईला कुणी विचारलं नव्हतं. चौकशीतही नाही. आणि हे मात्र तिला लख्ख आठवत होतं, शब्दन् शब्द.

"म्हस कोण पिळत आसंल, आसं इचारलं तिनं. मी म्हनलं, पिळत्याल कोणतरी. तर म्हनली, न्हाई वं, ती दुसऱ्याला हात लावू दीत न्हाई."

शालूबाईनं गोठ्याकडं तोंड फिरवलं.

"दिली की गं," ती म्हणाली. मनुबाईला नव्हे. "पयलं दोन दिस न्हाई दिली, लाथा झाडायची. मग तुजं पातळ नेसून बसले, तवा दिली."

उन्हं कलली होती. आत म्हैस हंबरली. शालूबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि अंगावरच्या फुलाफुलांच्या विटक्या पातळाचा पदर कमरेला खोचून चरवी घेऊन गोठ्यात गेली.