सात नंबरच्या कटिंगमधील शिळा

डोंगरातील रेल्वे चालते कशी, असा प्रश्न पर्यटक मला नेहमी विचारतात. मी सांगतो की, चढावर एक इंजिन पुढून ओढते व दुसरे मागून ढकलते, आणि उतारावर तीन ठिकाणी गाडी थांबवून ब्रेक तपासले जातात. ते समाधानाने फोटो काढून निघून जातात. आमची रेल्वे खरोखर कशी चालते, हे मी आजवर कोणास सांगितले नाही. ते येथे लिहीत आहे.

आमच्या कंपनीचे नाव सह्यकडा रेल्वे. कोळवणच्या भातखाचरांवरून निघून वाघसोंडाच्या पठारावर पोहोचणारा अकरा किलोमीटरचा एकेरी मार्ग, दोन इंजिने, सहा डबे आणि शनिवार-रविवारी बावधनकडून येणारी गर्दी, एवढाच तिचा संसार. एका अंगाला कडा व दुसऱ्या अंगाला दरी असल्यामुळे पहिली गाडी सुटण्यापूर्वी सर्व मार्ग माणसाने पायी पाहावा लागतो. एक गस्तवाला खालच्या स्टेशनातून निघतो, दुसरा वरच्या. मध्यावर दोघे भेटतात, पितळी बिल्ल्यांची अदलाबदल करतात आणि माघारी फिरतात. समोरच्याचा बिल्ला स्टेशनमास्तरच्या टेबलावर ठेवल्याखेरीज गाडीस परवानगी मिळत नाही. एकाने चालल्याची साक्ष दुसऱ्याने द्यावी, अशी ही व्यवस्था आहे.

खालचा गस्तवाला मी, जयवंत. वरचा कमरुद्दीन. तो पौडचा. रेल्वेत येण्यापूर्वी त्याने पंचवीस वर्षे दगडखाणीत काढली होती. चालताना तो कड्याच्या दगडांवर हातोडी मारून कान देत असे. एकदा मी त्याला याचे कारण विचारले.

"धड दगूड खणखण वरडतो," तो म्हणाला. "आमची बायकू चाँदबी बघ. ती वरडती तवर घर शाबूत हाय. गप झाली की समजायचं, आतनं कायतरी सुटलं."

सात नंबरचे कटिंग, म्हणजे डोंगर कापून रुळांसाठी केलेली अरुंद वाट, कमरुद्दीनच्या वाट्याच्या निम्म्या मार्गात होते. तेथे रुळांच्या वर टेम्पोएवढी एक शिळा आहे, नव्हे, होती. शिळा व कडा यांच्यामध्ये एक भेग होती. त्या भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने पक्की केलेली असत. शिळा केसभर जरी सरकली, तरी काच तडकते. इतके साधे आणि इतके प्रामाणिक यंत्र आमच्या कंपनीत दुसरे नव्हते.

गेल्या जूनमध्ये एका शनिवारी कमरुद्दीनला ती काच फुटलेली आढळली. त्याने लाल झेंडी लावून मार्ग बंद केला. दोन फेऱ्या रद्द झाल्या. स्टेशनवर पर्यटकांनी आरडाओरडा केला आणि कोणी तो मोबाइलवर चित्रित करून सर्वत्र पाठवला. दुपारी शेखर साहेब, म्हणजे आमचे इंजिनीअर, आले. त्यांनी खालूनच शिळेकडे पाहिले व ती जागेवर असल्याचे जाहीर केले.

सोमवारी चौकशी झाली. टेबलाच्या पलीकडे शेखर साहेब व स्टेशनमास्तर दिग्विजय, अलीकडे कमरुद्दीन आणि मी. टेबलावर आम्हा दोघांच्या कराराच्या मुदतवाढीचे कागद मांडलेले होते.

"जयवंत, त्या कटिंगवर वानरं येतात की नाही?" साहेबांनी विचारले.

"येतात, साहेब."

"त्यांच्या उडीनं काच फुटू शकते?"

"फुटू शकते."

वानरांची टोळी त्या आठवड्यात खाली फार्महाउसांच्या फणसांवर उतरलेली होती. मी ती रोज पाहत होतो. परंतु हे मला कोणी विचारले नाही आणि मी आपणहून सांगितले नाही. मी एकही खोटे वाक्य उच्चारले नाही, हेच माझे सर्वांत मोठे दुष्कृत्य होय.

कमरुद्दीनने माझ्याकडे पाहिले नाही. तो साहेबांना म्हणाला, "वानर काच फोडंल, साहेब. पर शिळेचा आवाज बदललाय. तुमी वर या, मी वाजवून दावतो."

"आवाजावर कंपनी चालत नाही," साहेब म्हणाले.

दिग्विजयने माझे म्हणणे लिहून पुढे सरकवले आणि मी सही केली. माझ्या कराराची मुदत वाढली. कमरुद्दीनची वाढली नाही.

मी अनुभवी असल्यामुळे वरचा निम्मा मार्ग मला मिळाला, व खालच्यावर मनीष नावाचा नवा गस्तवाला आला. सात नंबरच्या भेगेवर नवी काच मी स्वतःच्या हाताने बसवली. ऑगस्टमध्ये ती फुटली. फुटली असे नोंदवावे, तर जूनची काच कोणी फोडली हा प्रश्न पुन्हा उभा राहणार, आणि त्याचे उत्तर माझ्या सहीचे होते. मी तुकडे खिशात घातले, दुसरी काच बसवली आणि वहीत लिहिले : स्थिती ठीक. त्या दिवशीची पहिली गाडी शिट्टी देत शिळेखालून गेली. तिच्यात लहान मुले गाणी म्हणत होती.

सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी दुसरी काचही फुटलेली दिसली. मी तिसरी बसवली. पुन्हा लिहिले, ठीक. मात्र दुपारपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता लाभेना. मोटारसायकल काढून मी कोळवणच्या अलीकडील फार्महाउसवर गेलो. तेथे कमरुद्दीन आता पहारेकरी होता.

चाँदबीने मला फाटकातच पाहिले.

"आलं का साक्षीदार," ती म्हणाली. "बसा. खुर्ची मालकाची हाय, उठताना पुसून ठिवा."

कमरुद्दीन पुण्याच्या मालकाच्या हिरवळीला पाणी देत होता. तो पाठमोराच म्हणाला, "शिळा हाय का जाग्यावर?"

"हाय."

"तीन म्हैनं झालं. येवढा पाऊस झाला." त्याने पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला. "मंग माझंच चुकलं असंल. कान गेलं म्हनायचं आता."

"तुमचं कान न्हाई गेलं," चाँदबी आतून म्हणाली. "लोकांची जीब गेली."

पंचवीस वर्षे दगड ऐकणारा मनुष्य 'फुटू शकते' या माझ्या दोन शब्दांमुळे स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवू लागला होता. यापुढे गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

"काच फुटली, कमरूभाई. दोनदा फुटली. आज सकाळीबी."

तो मला शिव्या देईल अशी माझी अपेक्षा होती. मी त्यासाठी मान खाली घालून तयार होतो.

"लिवलंस?" त्याने विचारले.

"न्हाई."

"वरनं गाडी किती वाजता सुटती?"

"चारला."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वातीन झाले होते.

"मंग तू हितं काय करतुयास?" तो ओरडला. "माझी माफी मागाया आलास व्हय? पळ!"

मी रस्त्यातूनच दिग्विजयला फोन केला. तो म्हणाला, "लेखी दे, साहेबांना विचारून सांगतो." तेव्हा मी मोटारसायकल रुळांखालच्या पायवाटेला टाकली, कटिंगच्या वरच्या वळणावर धावत चढलो आणि झेंडी दाखवून गाडी थांबवली. पर्यटक खाली उतरून माझ्यावर ओरडले. काहींनी माझेही चित्रण केले.

या वेळी साहेब शिडी लावून वर चढले. शिळेमागे त्यांचा हात मनगटापर्यंत आत गेला. आठ दिवस मार्ग बंद ठेवून ती शिळा फोडून उतरवण्यात आली.

मी साहेबांपुढे सर्व कबूल केले : लपवलेल्या दोन्ही काचा, फणसांवरची वानरे, माझे मौन. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे सगळं कागदावर घ्यायची गरज नाही." कागदावर एवढेच आले की, गस्तवाला जयवंत याने तत्परतेने गाडी थांबवून प्रवाशांचे प्राण वाचवले. मला प्रमाणपत्र मिळाले. कंपनीने माझा फोटो स्टेशनच्या भिंतीवर लावला.

"साहेब, मग कमरुद्दीनला परत घ्या," मी म्हणालो.

"ते प्रकरण वेगळं आहे, जयवंत. तेव्हा काच वानरांनी फोडली होती. तशी साक्ष आहे."

त्यांनी कपाटातून जूनची फाइल काढली आणि ते पान माझ्यासमोर धरले. खाली माझी सही होती. आठवीपर्यंत मी जे काही शिकलो, त्यात अक्षर तेवढे चांगले आले होते. सही अगदी स्पष्ट व वळणदार होती.